बिऱ्हाड आणि घर

'विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण मराठी मनांत फार खोल रुजलेली आहे. ज्याला स्वतःचें घर नाहीं, जो भाड्याच्या जागेंत राहतो, तो आज ना उद्यां सामानसुमान उचलून जाणार, अशी समजूत तिच्या पोटांत आहे. घर मालकाचें आणि बिऱ्हाड भाडेकरूचें. घर टिकावयाचें आणि बिऱ्हाड हलावयाचें. लहान गांवांत ही समजूत एके काळीं बरीचशी खरी असेलहि. परंतु मोठ्या शहरांत ती खरी ठरलेली नाहीं. तेथें भाड्याच्या एकाच खोलींत आजोबांनीं संसार मांडावा, वडिलांनीं तेथूनच नोकरीला जावें आणि नातवानें त्याच खिडकीपाशीं बसून परीक्षेचा अभ्यास करावा, असें हजारों कुटुंबांच्या बाबतींत घडलें आहे. ज्याच्याकडे पाहुणा म्हणून पाहिलें, तो तीन पिढ्या राहिला. घर मात्र पाहुण्याच्या मापाचेंच राहिलें.

भाड्यानें राहणाऱ्यांसाठीं शहरांत दाट वस्तीच्या इमारती कशा बांधाव्या, हा प्रश्न निघाला कीं चर्चा बहुधा मजले, खर्च आणि जागेचा भाव यांच्यापाशींच थांबते. या साऱ्यांच्या अगोदरचा एक प्रश्न आहे. इमारतींत राहावयास येणारा माणूस किती वर्षें राहील, असें बांधणाऱ्यानें मनाशीं धरलें आहे? त्याचें उत्तर सहसा कोणत्याहि कागदावर लिहिलेलें नसतें. परंतु इमारतीच्या नकाशावर तें स्पष्ट वाचतां येतें. मुंबई आणि व्हिएन्ना या दोन शहरांनीं सुमारें एकाच दशकांत, सार्वजनिक पैशानें, कामकरी वर्गाच्या भाडेकरूंसाठीं हजारों घरें बांधलीं. त्या दोहोंचे नकाशे शेजारीं शेजारीं ठेवले, म्हणजे या प्रश्नाचें महत्त्व ध्यानांत येतें.

मुंबईंत १८९६ सालीं प्लेगची सांथ आली आणि कोंदट वस्तीचा रोगराईशीं असलेला संबंध सरकारच्या नजरेस आला. १८९८ सालीं इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. ट्रस्टनें रस्ते रुंद केले, दाट वस्त्या पाडल्या आणि कांहीं चाळीहि बांधल्या. तथापि गिरण्यांकडे कोंकणांतून आणि देशावरून येणाऱ्या माणसांचा ओघ इतका मोठा होता कीं जागेचा तुटवडा वाढतच गेला. पहिल्या महायुद्धानंतर, सर जॉर्ज लॉइड हे गव्हर्नर असतांना, १९२० सालीं बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट हें स्वतंत्र खातें निघालें. पन्नास हजार खोल्या बांधण्याचा त्याचा संकल्प होता, आणि खर्चाला हातभार म्हणून शहरांत येणाऱ्या कापसाच्या दर गांसडीवर एक रुपया कर बसविण्यांत आला. प्रत्यक्षांत वरळी, नायगांव, डिलाइल रोड आणि शिवडी या चार ठिकाणीं मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या. याच त्या प्रसिद्ध बी. डी. डी. चाळी.

यांतील प्रत्येक चाळ तळमजला धरून चार मजल्यांची. दर मजल्यावर वीस खोल्या. म्हणजे एका चाळींत ऐंशीं बिऱ्हाडें. खोली १६० चौरस फुटांची. मजल्याच्या मध्यावरून एक लांब बोळ जातो आणि त्याच्या दोहों अंगांना दहा दहा खोल्यांचीं दारें समोरासमोर उघडतात. शौचकूप सबंध मजल्याला मिळून सामाईक. बांधकाम सिमेंट-काँक्रीटचें आणि अतिशय भक्कम. शंभर वर्षें तें टिकलें, यावरून त्याच्या मजबुतीची कल्पना येते.

हा नकाशा कोणासाठीं काढला होता? गिरणीकामगार हा मुळांत शेतकरी. शिमग्याला आणि गणपतीला गांवीं जाणारा, बायकामुलें मागें ठेवून येणारा, आणि हातपाय थकले म्हणजे कायमचा परत जाणारा, असें तेव्हां गृहीत धरलें जात असे. अशा माणसाला पाठ टेकण्यापुरती जागा दिली म्हणजे काम झालें! स्वयंपाक, बाळंतपण, आजारपण, अभ्यास, म्हातारपण, यांपैकीं कशालाच त्या नकाशांत निराळी जागा नव्हती. कारण या गोष्टी गांवीं घडावयाच्या होत्या.

आणि हा कल्पनेंतला भाडेकरूहि आरंभीं तेथें येईना. भाडें त्याला परवडेना, जागा पसंत पडेना. १९२० नंतरच्या दशकांत यांतील पुष्कळ खोल्या रिकाम्याच होत्या. १९३० च्या सविनय कायदेभंगाच्या चळवळींत तर वरळीच्या कांहीं चाळींचा सत्याग्रहींसाठीं तात्पुरता तुरुंग म्हणून उपयोग करण्यांत आला. घर म्हणून बांधलेली इमारत तुरुंग म्हणून चालून जावी, यापेक्षां तिच्या रचनेवर अधिक कडक टीका ती कोणती?

पुढें मात्र त्या खोल्या भरल्या आणि भरूनच राहिल्या. पाहुणा म्हणून गणलेल्या माणसानें कुटुंब आणलें. एका खोलींत सहा सहा, आठ आठ माणसें राहूं लागलीं. खोलींत पोटमाळे निघाले, मधल्या बोळांत रात्रीं अंथरुणें पडूं लागलीं. चाळीचाळींत गणेशोत्सव, व्यायामशाळा, वाचनालयें आणि भजनी मंडळें उभीं राहिलीं. या जीवनाचें कौतुक पुष्कळ झालें आहे आणि तें योग्यच आहे. परंतु त्याचें श्रेय माणसांना आहे, नकाशाला नव्हे. नकाशाचें श्रेय एवढेंच कीं चाळींच्या मध्यें त्यानें मोकळी जमीन राखली. वरळीचें जांबोरी मैदान हें त्याचें उत्तम उदाहरण होय. लोकांनीं आपलें सार्वजनिक जीवन उभें केलें तें अशा मोकळ्या जागेच्या आधारानें.

येथें एक सूक्ष्म भेद लक्षांत घेण्यासारखा आहे. गिरगांवांतील किंवा गिरणगांवांतील पुष्कळ जुन्या खाजगी चाळींना खोल्यांसमोर उघडी गॅलरी असे. खोली लहान खरी; परंतु गॅलरींत उजेड येई, वारा येई, आणि दाराशीं बसलेल्या आजीला अंगणांतील नातवंड दिसे. बी. डी. डी. चाळींतील बोळाला मात्र दोन्हीं बाजूंनीं खोल्यांच्या भिंती. त्यामुळें भर दुपारींहि मध्यभागीं अंधार. जागा तितकीच, बिऱ्हाडें तितकींच. परंतु येण्याजाण्याची वाट इमारतीच्या कडेला ठेवली, तर ती घराचा ओटा होते, आणि मधोमध कोंडली तर नुसता बोळ होतो. भाडेकरू वर्षभरानें जाणार असेल तर हा फरक त्याला फारसा जाणवणार नाहीं. जो चाळीस वर्षें राहणार, त्याच्या आयुष्याचा मात्र तो मोठा भाग आहे.

आतां व्हिएन्नाकडे वळूं या. पहिल्या महायुद्धापूर्वीं तेथील कामकऱ्यांची स्थिति मुंबईहून फारशी निराळी नव्हती. भाड्याच्या इमारतींत पाण्याचा नळ बोळांत, शौचकूपहि बोळांत आणि स्वयंपाकघराची खिडकीहि बोळांतच उघडणारी, अशी रचना सर्रास असे. भाडें भागेना म्हणून कित्येक कुटुंबें आपल्या खोलींतील एखादी खाट परक्या माणसाला रात्रीपुरती देत. मालकानें जमिनीचा शक्य तितका भाग बांधून काढावा आणि मध्यें विहिरीसारखा अरुंद चौक ठेवावा, ही तेथील वहिवाट होती.

महायुद्धानंतर नगरसभेंत समाजवादी पक्षाला बहुमत मिळालें आणि १९२३ सालीं शहरानें खास गृहनिर्माण-कर बसविला. अर्थखातें सांभाळणारे ह्यूगो ब्राइटनर यांनीं त्याची आंखणी अशी केली होती कीं लहान घराला कर नाममात्र आणि प्रशस्त हवेलीला तो चढत्या प्रमाणांत. या पैशानें १९३४ पर्यंत शहरानें साठ हजारांहून अधिक घरें बांधलीं, आणि तीं विकलीं नाहींत, भाड्यानें दिलीं. बांधकामाचा खर्च कराच्या उत्पन्नांतून निघाल्यामुळें भाड्यांत व्याजाचा आणि नफ्याचा भार नव्हता. देखभाल आणि दुरुस्ती भागेल एवढेंच भाडें असे.

या घरांतील सर्वांत नांवाजलेली इमारत म्हणजे कार्ल मार्क्स होफ. कार्ल एन या नगरसभेच्याच नोकरींतील वास्तुशास्त्रज्ञानें तिची आंखणी केली आणि १९३० सालीं ती पुरी झाली. तिची लांबी एक किलोमीटरहून अधिक असून तींत मुळांत १,३८२ घरें होतीं. सुमारें पांच हजार माणसांची तेथें सोय होती. एवढी दाट वस्ती असूनहि जमिनीचा पांचव्या हिश्शाहून कमी भाग बांधलेला आहे; उरलेली जागा बागांना आणि अंगणांना. कपडे धुण्याचीं सामाईक घरें, स्नानगृहें, बालवाड्या, दंतवैद्याचा दवाखाना आणि वाचनालय हीं सारीं इमारतीच्याच आवारांत.

घरें तशीं लहानच होतीं. पहिल्या कार्यक्रमांतील नेहमींचें माप ३८ किंवा ४८ चौरस मीटरचें असे. स्वतंत्र न्हाणीघर त्यांत नव्हतें. तरी मुंबईची १६० चौरस फुटांची खोली म्हणजे अवघी १५ चौरस मीटर, हें ध्यानांत ठेविलें पाहिजे. मापापेक्षांहि महत्त्वाचें तें असें कीं पाण्याचा नळ आणि शौचकूप हीं दाराच्या आंत आलीं. लांब बोळ नाहींसा झाला. वाट अशी: रस्त्यावरून कमानींतून अंगणांत, अंगणांतून जिन्यावर, आणि जिन्याच्या प्रत्येक टप्प्यावर फक्त दोन, तीन किंवा फार तर चार घरांचीं दारें. हजार घरांच्या इमारतींत राहणाऱ्या माणसाला प्रत्यक्ष ओळख ठेवावयाची ती एका जिन्यावरच्या दहाबारा कुटुंबांशीं. दाट वस्तीचा जाच बहुधा माणसांच्या संख्येनें होत नाहीं. अनोळखी माणसांच्या सततच्या वर्दळीनें होतो. जिना लहान ठेवला कीं मोठी इमारत लहान होते.

सामाईक काय असावें आणि खाजगी काय असावें, याचा विवेक हा या दोन नकाशांतील खरा भेद होय. मुंबईंत शौचकूप सामाईक ठेवला. व्हिएन्नांत कपडे धुण्याचें घर सामाईक ठेविलें. पहिल्यानें माणसाची लाज सामाईक होते. दुसऱ्यानें श्रम सामाईक होतात. प्रत्येक घरानें पाणी तापवून कपडे उकळीत बसण्यापेक्षां, आपल्या पाळीच्या दिवशीं खालीं जावें आणि यंत्राच्या साह्यानें तें काम कांहीं तासांत उरकावें, ही सोय एकेका लहान घराला परवडण्यासारखी नव्हती. हजार घरांना ती सहज परवडली. दाट वस्तीचा हाच खरा फायदा आहे. एकट्याला जें झेपत नाहीं तें अनेकांना मिळून झेपतें. तो फायदा भाडेकरूच्या पदरांत पडत नसेल, तर दाटीचें दुःख तेवढें त्याच्या वांट्याला येतें.

व्हिएन्नाच्या त्या प्रयत्नाचा मार्ग निष्कंटक होता असें नाहीं. फेब्रुवारी १९३४ च्या यादवींत सरकारी सैन्यानें कार्ल मार्क्स होफवर तोफा डागल्या आणि तो गृहनिर्माणाचा कार्यक्रम थांबला. दुसऱ्या महायुद्धानंतर तो पुन्हां सुरू झाला. आज त्या शहराच्या मालकीचीं सुमारें दोन लाख वीस हजार भाड्याचीं घरें आहेत. त्यांतील भाडेपट्टा सामान्यतः मुदतीविना असतो, आणि घरांत एकत्र राहणाऱ्या जवळच्या नातलगाला कांहीं अटींवर तो पुढें चालवितां येतो. कार्ल मार्क्स होफच्या नूतनीकरणांत कांहीं लहान घरें एकमेकांना जोडून मोठीं करण्यांत आलीं. संसार वाढतो, राहणीचें मान वाढतें, त्याप्रमाणें घरालाहि वाढतां आलें पाहिजे. आणि तें वाढवून घेण्यासाठीं भाडेकरूला घर सोडावें लागूं नये.

उजेड आणि वारा हीं मात्र अशा तडजोडीच्या बाहेरचीं आहेत, आणि याचें ज्ञान मुंबईला परदेशांतून आणावें लागलें नाहीं. इम्प्रूव्हमेंट ट्रस्टचे अधिकारी ऑर यांनीं १९१० नंतरच्या वर्षांत साडेत्रेसष्ट अंशांचा नियम पुढें मांडला. समोरासमोरच्या इमारतींच्या मध्यें उंचीच्या निदान निम्मी मोकळी जागा असावी, म्हणजे तळमजल्याच्या खोलींतहि आकाशाचा प्रकाश पोंचतो, असा त्याचा भावार्थ. साठ फूट उंचीच्या इमारतीपुढें तीस फूट मोकळे. शाळेंतील मुलालाहि समजणारें हें गणित आहे. तें विसरल्याचा परिणाम गोवंडी-मानखुर्द भागांतील पुनर्वसन वसाहतींत दिसला. तेथें कांहीं इमारतींच्या रांगांत अवघें तीन मीटर अंतर ठेवलें गेलें. आणि अशा कोंदट इमारतींत, विशेषतः खालच्या मजल्यांवर, क्षयरोगाचें प्रमाण अधिक असल्याचें २०१८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या पाहणींत आढळलें. प्लेगनें शिकविलेला धडा शंभर वर्षांनीं क्षयाला पुन्हां शिकवावा लागला.

नकाशा चांगला असला तरी तो टिकवावयास पैसा लागतो. मुंबईंत १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें १ सप्टेंबर १९४० रोजीं असलेलें भाडें हेंच बहुतेक जुन्या जागांचें प्रमाण-भाडें ठरविलें. युद्धोत्तर महागाईंत गरिबाला रस्त्यावर येऊं न देणें हा त्याचा हेतु स्तुत्य होता, आणि हजारों कुटुंबें त्यामुळें शहरांत टिकलीं. परंतु चुना, लोखंड आणि गवंड्याची मजुरी १९४० सालीं थांबून राहिली नाहीं. मालकानें दुरुस्तीकडे पाठ फिरविली, जिने खचले, इमारती कोसळल्या, आणि १९६९ मध्यें कायदा करून दुरुस्तीसाठीं स्वतंत्र मंडळ नेमावें लागलें. १९९९ च्या कायद्यानें, जो २००० सालीं अंमलांत आला, वर्षाला शेंकडा चार भाडेवाढीची मुभा दिली; तोंवर दोन पिढ्यांचें नुकसान होऊन चुकलें होतें. भाडेकरूला कायम राहतां यावें आणि इमारतीचीहि निगा राहावी, या दोन गोष्टी एकाच वेळीं साधल्या पाहिजेत. एकीसाठीं दुसरीचा बळी दिला तर शेवटीं भाडेकरूच्याच डोक्यावर छप्पर येतें, आणि तें अक्षरशः.

उंच इमारती मुळांतच वाईट, असा एक मतप्रवाह आहे. व्हिएन्नाच्या दक्षिणेस १९७३ ते १९८५ या काळांत बांधलेली आल्ट-एर्ला ही वसाहत त्याला उत्तर आहे. हॅरी ग्ल्यूक यांनीं आंखलेल्या या इमारती सत्तावीस मजल्यांपर्यंत उंच असून तींत तीन हजारांहून अधिक भाड्याचीं घरें आहेत. खालच्या मजल्यांना पायऱ्यांप्रमाणें मागें मागें सरकत जाणारे रुंद सज्जे असून त्यांत मोठ्या कुंड्या बांधून काढल्या आहेत; गच्चीवर पोहण्याचे तलाव आहेत; शाळा, दुकानें आणि दवाखाने आवारांतच आहेत. त्याच शहरांत १९९७ सालीं पुऱ्या झालेल्या एका वसाहतीची आंखणी स्त्री-वास्तुशास्त्रज्ञांकडे सोंपविण्यांत आली. त्यांनीं खेळणाऱ्या मुलांवर घरांतून नजर राहील अशी रचना केली, आणि बाबागाडी ठेवावयास मजल्यामजल्यावर जागा दिली. या गोष्टी क्षुल्लक वाटतात; परंतु घरांत दिवसाचे सर्वाधिक तास जिला काढावे लागतात, तिला विचारल्यावांचून त्या सुचत नाहींत.

आतां पुन्हां मुंबई. २००८ सालीं मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणानें अल्प उत्पन्नाच्या लोकांसाठीं भाड्याच्या घरांची मोठी योजना काढली. त्या घराचें माप काय होतें? १६० चौरस फूट. नव्वद वर्षांनंतर, तोच आंकडा! शौचकूप आतां दाराच्या आंत आला होता, एवढी सुधारणा मान्य केली पाहिजे. पण राहणाऱ्याविषयींची कल्पना बदलली नव्हती. पुढें धोरण बदललें. पनवेलजवळ कोन येथील तयार झालेलीं अशीं दोन दोन घरें मिळून ३२० चौरस फुटांचें एक घर करण्यांत आलें, आणि तीं सोडतीनें दिलीं गेलीं तीं गिरणीकामगारांना व त्यांच्या वारसांना. भाड्यानें नव्हे, मालकीनें.

बी. डी. डी. चाळींचाहि शेवट तसाच होत आहे. १४ ऑगस्ट २०२५ रोजीं वरळी येथील ५५६ कुटुंबांना नव्या उंच इमारतींतील पांचशें चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या देण्यांत आल्या. शंभर वर्षांची प्रतीक्षा संपली, याचा आनंद कोणाला होणार नाहीं? तीं कुटुंबें आतां भाडेकरू राहिलीं नाहींत, मालक झालीं. तथापि चाळ गेली म्हणून भाडेकरू संपला असें नाहीं. गांवाहून नव्यानें येणारी परिचारिका, हॉटेलांतील आचारी, पहिलीच नोकरी लागलेला कारकून, यांना मुंबईंत घर विकत घेणें कोठून शक्य होणार? त्यांनीं राहावयाचें तें भाड्यानेंच. जुन्या भाडेकरूला मालक करून न्याय दिला जातो. पण नव्या भाडेकरूसाठीं कोणी बांधावें, हा प्रश्न तेथेंच उरतो.

तेव्हां ज्या संस्थेच्या हातीं भाड्याच्या इमारतीचें काम येईल, तिनें नकाशावर सही करण्यापूर्वीं एक प्रयोग करून पाहावा. या घरांत पंचवीस वर्षांची एक नववधू राहावयास आली आहे, अशी कल्पना करावी. तिचें पहिलें मूल रांगेल कोठें, दहावीचा अभ्यास करील कोठें? सासूला जिना चढवेनासा झाला म्हणजे ती कशी उतरेल? पांचवें माणूस वाढलें तर एखादी भिंत काढतां येईल काय? नळ गळूं लागला तर दुरुस्तीचा पैसा भाड्यांतून निघेल काय? आणि ती स्वतः सत्तरीला पोंचेल तेव्हां हेंच दार तिचें असेल काय? या प्रश्नांचीं उत्तरें ज्या नकाशांत सांपडतील, त्याची खोली लहान असली तरी चालेल. ज्यांत सांपडणार नाहींत, त्याला कितीहि मजले चढवले तरी तें बिऱ्हाडच राहील. घर होणार नाहीं.